राखणीच्या कुत्र्याचें फुकट भुंकणें

सोनगीरच्या तांबटांचे ठोके ऐकत ज्यांचें बालपण गेलें, त्या आम्हांस आवाजाचें वावडें नाहीं. तथापि मळ्यांतील आमचें कुत्रें गतवर्षीं कार्तिकापासून रात्रभर भुंकूं लागलें, तेव्हां प्रथम झोप गेली व पुढें संवयीनें ती परत आली. ही परत आलेली झोपच आम्हांस महाग पडली. पौषांतील एका रात्रीं विहिरीवरील पंपाची तांब्याची केबल कोणी कापून नेली. कुत्रें भुंकत होतें. घरांतील सर्वांनीं तें ऐकलें, आणि ‘त्याचें रोजचेंच आहे’ म्हणून कूस बदलली.

अति भुंकण्याचा उपद्रव शेजाऱ्यांस होतो हें खरें. अशा भुंकण्यावरून निघालेली कुरबूर बांधाच्या मोजणीपर्यंत गेलेली आम्हीं कचेरींत पाहिली आहे. परंतु खरें नुकसान धन्याचें. राखणीचें कुत्रें ठेवावयाचें तें त्याच्या इशाऱ्यावर उठण्यासाठीं. हिंवाळ्यांत ठेलारी लोक आपल्या शेतांत मेंढ्या बसवितात, त्यांचीं कुत्रीं पाहावीं. दिवसा तीं कळपाच्या कडेला निजून असतात. रात्रीं भुंकलीं कीं ठेलारी काठी घेऊन उठतो, कारण लांडगा आला असण्याचा संभव असतो.

आपल्याकडे दोष बहुधा साखळीचा असतो. दोन हात साखळीनें बाभळीस अष्टौप्रहर जखडलेल्या कुत्र्यास ना फिरतां येत, ना आवाज कशाचा तें जाऊन पाहतां येत. मग तें पाचोळ्यावरही भुंकतें. सन १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें अवाजवी आंखूड साखळीनें दीर्घकाळ बांधणें व बांधलेल्या कुत्र्यास न फिरविणें हे दोन्ही अपराध ठरविले आहेत, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

आम्हीं आठ रात्री वहींत वेळ टिपून ठेविली. (जुनी संवय!) तींतून असें निघालें कीं, भुंकणें थांबावें म्हणून सालदार भाकरीचा तुकडा टाकी, त्यानंतर कुत्रें अधिकच भुंके. भुंकलें कीं भाकर मिळते, एवढें त्यास समजलें होतें! खाटेवरून आम्ही ओरडत असूं, त्यानें तर धनीही आपल्याबरोबर भुंकतो असेंच त्यास वाटत असावें. शेजारी रात्रपाळीच्या विजेवर गव्हास पाणी भरावयास येत, तेव्हां मोठा कल्लोळ होई. म्हणून त्यांच्याच हातून दिवसा चार दिवस भाकर घालविली. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. पुढें दोन खांबांमध्यें तार ताणून तींत साखळीची कडी ओंवली, सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरविणें ठेविलें, व जेवण दिवस मावळण्यापूर्वीं ठरलेल्या वेळीं दिलें. भुंकल्यास उठून पाहावयाचें, आणि गप्प झाल्यावरच तुकडा द्यावयाचा. महिनाभरांत फरक पडला. गेल्या महिन्यांत एका रात्रीं तें भुंकलें, आम्ही बॅटरी घेऊन धांवलों, तों रानडुकरें मक्यांत शिरत होतीं.

जेथें बिबट्याचा वावर आहे तेथें मात्र कुत्र्यास रात्रीं उघड्यावर ठेवूं नये, बंद दाराच्या गोठ्यांत ठेवावें. चाळीसगांव तालुक्यांत २०१७ सालीं बिबट्यानें माणसेंही मारलीं हें वाचकांस स्मरत असेल.

कित्येक लोक तोंड दोरीनें बांधतात. कुत्रें अंगांतील उष्णता मुख्यतः तोंड उघडें ठेवून, धापा टाकूनच बाहेर टाकतें. खानदेशच्या वैशाखांत तोंड बांधणें म्हणजे त्याचा जीव घेणेंच होय. विजेचा झटका देणारे पट्टे बाजारांत मिळतात, त्यांविषयींही आमचें मत प्रतिकूल आहे. ज्याच्या भुंकण्याबद्दल झटका बसतो, तें चोर आल्यावर तरी कां भुंकावें? भाद्रपदापासून माद्यांमागें चालणारा दंगा हा निराळा प्रकार. त्यास नसबंदी हाच उपाय, व ती पशुवैद्याकडून करवून घ्यावी.

कुत्र्याचा नेहमींचा आवाज एकाएकीं घोगरा झाला, लाळ गळूं लागली, जबडा लोंबला, तर घशांत हाड अडकलें असें समजून तोंडांत हात घालूं नये. तें पिसाळलें असण्याचा संभव असतो. त्यास दुरूनच कोंडून पशुवैद्यास कळवावें. दंश झाल्यास किंवा लाळ जखमेस लागल्यास साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत लस सुरू करावी. कुत्र्यासही दरवर्षीं लस टोंचवून घ्यावी. आमच्या कुत्र्यास ती आषाढांत टोंचली जाते.