गणित एका पेशीचं

मुलांनो, आमच्या कुंभिवलीत उंदीर म्हटलं की भाताची पोती कुरतडणारा चोर! पण प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनी डॉक्टरांना एक मोलाचं गणित शिकवलं आहे. ते गणित आहे ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं.

आधी रक्ताचं पाहू. रक्तपेशी तयार होतात हाडांच्या पोकळीत, मऊ अस्थिमज्जेत. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स वाहतं रक्त थांबवतात. ल्युकेमियात काय होतं? शेतात तण माजलं की भाताच्या रोपाला जागा उरत नाही ना, तसंच! अर्धवट वाढलेल्या, बिनकामाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींची जागा बळकावतात. मग मूल फिकट दिसतं, ताप पुन्हा पुन्हा येतो, अंगावर निळे डाग उठतात.

उंदरांनाही हा आजार होतो. उंदराच्या अंगात रक्त ते केवढं? चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही! पण थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की रोगट पेशी ओळखता येतात. मुंबईत परळला १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवर कॅन्सरचा अभ्यास केला, त्यात ल्युकेमियाही होता. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळालं. ही संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आता तिचं काम आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला चालतं.

आता ते गणित. अमेरिकेतले शास्त्रज्ञ हॉवर्ड स्किपर यांनी १९६४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दोन गोष्टी दाखवल्या. पहिली : निरोगी उंदराच्या अंगात ल्युकेमियाची एकच जिवंत पेशी सोडली, तरी ती वाढत वाढत त्याचा जीव घेऊ शकते. दुसरी : औषधाचा एक डोस ठरावीक संख्येनं पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. समजा, अंगात १०० कोटी रोगट पेशी आहेत आणि एका डोसनं शंभरातल्या ९९ मरतात. पहिल्या डोसनंतर उरतील १ कोटी, मग १ लाख, मग १०००, मग १०. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त केव्हाच स्वच्छ दिसू लागलेलं असतं, पण शत्रू अजून घरातच!

म्हणूनच मुलांमधल्या नेहमीच्या प्रकारच्या ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. बऱ्याच मुलांचं रक्त महिना-दीड महिन्यातच ठीक दिसू लागतं. मूल खेळायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं, आता कशाला मुंबईच्या खेपा? आई-बाबांनो, नेमकी इथेच थांबायची चूक करू नका. पूर्ण उपचार घेतलेली बहुतेक मुलं बरी होतात. मध्येच सोडले तर आजार उलटतो.

तुम्ही विचाराल, त्या उंदरांचं काय? खरं आहे, त्यांचे प्राण गेले. म्हणून तर आज आपल्या देशात असे प्रयोग करायला समितीची परवानगी लागते, आणि प्राण्यांना कमीत कमी त्रास व्हावा असा नियम आहे.

तुमच्या वर्गात कुणी असे उपचार घेत असेल, तर त्याचे गेलेले केस पाहून हसू नका. हा आजार शेजारी बसल्यानं लागत नाही. मात्र तुमची सर्दी त्याला महागात पडू शकते, तेव्हा बरं नसेल तर थोडं लांब राहा आणि बरे झालात की बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या त्याच्या घरी पोहोचवा.

आणि हो, पाटी घ्या. १ ची दुप्पट २, २ ची दुप्पट ४, असं ३० वेळा करा. उत्तर १०७ कोटींच्या वर जाईल. त्या उंदरांच्या अंगात एवढी वाढ व्हायला जेमतेम पंधरा-सोळा दिवस लागत. आता कळलं ना, शेवटच्या एका पेशीलाही का सोडायचं नाही ते?