ही हीर कुणाची?

परवा आईला घेऊन पुण्यातल्या एका चित्रप्रदर्शनाला गेलो. भिंतीवर खेडं टांगलेलं. विहीर, नऊवारीतल्या बाया, डोईवर चकचकीत पितळी घागरी, पोटरीवर कोवळं ऊन. भोवतीचे लोक म्हणत होते, काय जिवंत काढलंय!

माझ्या आईनं १९७२च्या दुष्काळात खडी फोडलीय. तिनं चित्र खालीवर न्याहाळलं आन् एवढंच विचारलं, "ही हीर कुणाची रं? आन् आपल्या बाया कुठं हायेत?"

या एका प्रश्नापुढं तो सगळा वास्तववाद उताणा पडला.

विहिरीपासून लांब, कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून मडकं घेऊन ताटकळणारी बाई त्या चित्रात नाही. गावानं तिला कुसाबाहेर ठेवलं, चित्रकारानं चौकटीबाहेर. १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आणि हे सांगतात, पाणवठा म्हणजे ग्रामीण सौंदर्य!

ही खोड जुनी. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स नावाचा साहेब पुण्यात आला. त्यानं सवाई माधवराव रंगवला, नाना फडणवीस रंगवला. त्याच पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. ज्याची सावली रस्त्यावर चालत नव्हती, त्याला कॅनव्हासवर कोण घेणार?

तिकडं फ्रान्सात कूर्बेनं १८४९ साली खडी फोडणारे दोघे काढले. फाटके कपडे, तोंडं दिसत नाहीत, नुसतं काम. इकडं पुण्यात १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईनं, मांगाच्या पोरीनं, मांगमहारांचं दुःख 'ज्ञानोदया'त मांडलं. शब्दांतला आपला वास्तववाद हा. रंगांतला यायला फार उशीर झाला. नागपूरच्या सवी सावरकरनं तो गळ्यात मडकं बांधलेला माणूस काढला. आकार वेडेवाकडे, रेषा रासवट. पण खोटं काही नाही.

हुबेहूब काढलं की खरं होत नाही. घाम रंगवायचा आणि जात पुसायची, ही चलाखी ओळखा. पोरांनो, अशा चित्रापुढं उभे राहाल तेव्हा गप बसू नका. माझ्या आईचा प्रश्न मोठ्यानं विचारा. आणि उत्तर मिळालं नाही, तर ब्रश हातात घ्या.

जयभीम!