चाळिशीनंतरची तालीम

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी नववीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू शिकवतो आणि मराठीही. आमच्या बहुतेक मुलांच्या लेखी मराठी हा पास होण्यापुरता विषय, आणि हा मुलगा तर मागच्या बाकावरचा. त्याने मराठीच्या पुस्तकातली एक कविता मोबाइलवर स्वतः बनवलेल्या ठेक्यावर म्हणून रेकॉर्ड केली होती. "सर, स्टेजवर करू का?" असे तो विचारत होता.

मी अर्धा मिनिटही ऐकले नाही. म्हटले, "हे संगीत नाही, मशीन आहे. पेटी-तबल्यावर बसव, मग बघू." त्याने मान हलवली आणि मोबाइल खिशात टाकला. स्नेहसंमेलनाला तो आलाच नाही. घरी गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्गात दोन ओळी सलग न वाचणाऱ्या या मुलाने आख्खी कविता तोंडपाठ केली होती. आमची मुले 'ळ'चा 'ल' करतात. त्या अर्ध्या मिनिटात त्याचा एकही 'ळ' चुकला नव्हता. वर्षभर फळ्यासमोर उभे राहून मला जे जमले नाही, ते त्या ठेक्याने करून दाखवले होते आणि मी त्यालाच गप्प बसवले होते.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. ती पुन्हा वर आली एका इंग्रज गिटारवादकामुळे.

माझा चुलतभाऊ कुवेतला असायचा. सुट्टीवर येताना तो सीड्या आणायचा. त्यातली एक होती रशीद ताहा या गायकाची 'दिवान', १९९८ सालची. ताहाचा जन्म अल्जीरियाचा, लहानपणीच तो आईवडिलांबरोबर फ्रान्सला गेला. या सीडीत 'या रायाह' नावाचे गाणे आहे. ते मुळात दहमान अल हर्राशी या जुन्या अल्जीरियन गायकाचे, आणि आहे मुलूख सोडून निघालेल्या माणसाला उद्देशून. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. या गाण्याचा अर्थ आम्हाला कोणी फोड करून सांगावा लागला नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाट आवरताना ती सीडी हाती लागली. कव्हरवरची बारीक अक्षरे पहिल्यांदाच वाचली. निर्माता म्हणून नाव होते स्टीव्ह हिलेज. अरबी गाण्यामागे हा इंग्रज कुठून आला, या कुतूहलाने शोधाशोध केली आणि पुढची सगळी सुट्टी त्यातच गेली.

हिलेजचा जन्म १९५१ सालचा, लंडनचा. सत्तरच्या दशकात रॉक गिटारवादक म्हणून त्याचे नाव झाले. आधी तो 'गाँग' या बँडमध्ये होता, मग स्वतःच्या नावावर त्याचे 'फिश रायझिंग' (१९७५) आणि 'एल' (१९७६) हे अल्बम आले. तो जमाना हिप्पींचा. लांब केस, लांब गाणी आणि त्या गाण्यांत त्याहून लांब चालणारी गिटार. मग १९७६-७७च्या सुमारास इंग्लंडात पंक संगीताची लाट आली. दोन-तीन मिनिटांची, रागावलेली, धडाधड गाणी. त्या लाटेत लांब गाणी वाजवणारी ही सगळी मंडळी जुनाट ठरली. हिलेज तेव्हा जेमतेम पंचविशी-सव्विशीचा होता! पुढे ऐंशीच्या दशकात तो बहुतेक वेळ स्टुडिओत काचेमागे बसून दुसऱ्यांचे अल्बम तयार करत राहिला. 'सिंपल माइंड्स' हा बँड त्यातलाच. आमच्याकडे अशा माणसाला 'एकेकाळचे' म्हणतात. एकेकाळचे गायक, एकेकाळचे शायर.

यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. १९८९च्या सुमारास लंडनमध्ये 'हेवन' नावाच्या क्लबात नाचून दमलेल्या पोरांसाठी एक निवांत खोली ठेवलेली असे. मी आयुष्यात कधी अशा क्लबात गेलो नाही आणि जाणारही नाही, पण त्या खोलीत काय घडले ते कळायला तिथे जायची गरज नाही. तिथे ॲलेक्स पॅटरसन नावाचा डीजे रेकॉर्ड लावत होता. वयाने हिलेजपेक्षा आठ वर्षांनी लहान. हिलेज आत शिरला तेव्हा स्पीकरमधून जे वाजत होते ते त्याचे स्वतःचेच होते. १९७९ साली लंडनच्या एका प्रदर्शनातल्या घुमटाकार दालनासाठी त्याने आणि त्याची जोडीदार मिकेत जिरोदी हिने 'रेनबो डोम म्यूझिक' नावाचे संगीत तयार केले होते. दोन बाजूंना दोनच रचना, प्रत्येक वीस मिनिटांहून मोठी, मंद वाहणारी, बरीचशी सिंथेसायझरवरची. दहा वर्षांनी नवी पिढी ते आपले समजून ऐकत होती.

हिलेज पुढे झाला आणि त्याने आपली ओळख करून दिली. दोघांची दोस्ती जमली. त्यातूनच हिलेज आणि मिकेत यांचा 'सिस्टिम सेव्हन' हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा गट उभा राहिला. पहिला अल्बम १९९१चा. हिलेज तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्या अल्बमवर पॅटरसन आहे आणि डेट्रॉइटच्या टेक्नो संगीतातला मातब्बर डेरिक मेसुद्धा. पुढच्याच वर्षी पॅटरसनच्या 'द ऑर्ब' या गटाचे 'ब्लू रूम' हे जवळपास ४० मिनिटांचे गाणे ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेले. त्यात गिटार हिलेजची आहे.

आता कोणी म्हणेल, यात कौतुक कसले? जुना माल खपेना, म्हणून वाहत्या गंगेत हात धुवून घेतले. मलाही आधी असेच वाटले होते. पण हिशेब मांडून पाहिला तर तो जुळत नाही. ज्याला फक्त धंदा करायचा असतो तो जुनी हुकमी गाणी वाजवत फिरतो. जुने चाहते तिकीट काढून येतातच, त्यांना तेच हवे असते. हिलेजने अशा संगीतात पाऊल टाकले जिथे गिटारवादकाला मानाची जागाच नव्हती. रॉकच्या मैफलीत लोक मंचाकडे तोंड करून उभे राहतात आणि गिटारवादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो. नृत्यसंगीतात लोक आपल्याच नादात नाचत असतात, वाजवणाऱ्याकडे कोणी बघतही नाही. तिथे ठेका मोठा आणि गिटार त्यातला एक धागा. रेकॉर्डवर त्याचे नावही ठळक नव्हते, गटाचे होते. आणि तेही अमेरिकेत बदलून '७७७' करावे लागले, कारण 'सिस्टिम सेव्हन' याच नावाची ॲपल कंपनीची संगणकप्रणाली त्याच सुमारास बाजारात आली होती. ज्या माणसाचा चेहरा अल्बमच्या कव्हरवर छापला जायचा, त्याने हे सगळे मान्य केले.

दुसरा आक्षेप माझाच होता आणि तो मी त्या मुलाला ऐकवलाही होता, की हे मशीन आहे. पण इलेक्ट्रिक गिटार तरी दुसरे काय आहे? तारेची थरथर चुंबकापाशी विजेचे रूप घेते, मग ॲम्प्लिफायर आणि नाना पेट्यांमधून फिरून आपल्या कानापर्यंत येते. वीज गेली की खेळ खलास. हिलेज धातूच्या दांडीने तारा कुरवाळून एक लांब, न तुटणारा सूर काढायचा. तो सूर ऐकला तर ही गिटार आहे हे ओळखूही येत नाही. हे तंत्र त्याने 'गाँग'च्या डेव्हिड ॲलनकडून घेतले होते. म्हणजे तो जिथे पोहोचला ती वाट त्याच्या हातात आधीपासूनच होती.

याच्या उलट टोकाची गोष्ट टीबी-३०३ या यंत्राची. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र काढले ते मुळी गिटारवादकांसाठी. घरी एकट्याने रियाज करताना बेस वाजवायला सोबती नसतो, तर यंत्र साथ देईल, अशी कल्पना. गिटारवाल्यांनी ते नाकारले आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद झाले. मग शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या पोरांच्या हाती ते स्वस्तात लागले, त्यांनी त्याची बटणे हवी तशी पिळली आणि १९८७च्या 'ॲसिड ट्रॅक्स'पासून नव्या संगीताची एक शाखाच सुरू झाली. तेच यंत्र आपल्या मुंबईतही पोहोचले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली, वयाच्या चाळिशीतच, या यंत्रावर आणि त्याच्या भाईबंदांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा शिकागोच्या पाच वर्षे आधी हे मुंबईत झाले होते म्हणून जगाने तोंडात बोट घातले. सत्तरीतल्या चरणजितांना परदेशांतून बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

आणि मी ज्या पेटीचा आग्रह धरला होता, तिचे काय? हार्मोनियम युरोपातून आली. हिच्यावर मींड निघत नाही, ही आपल्या संगीताची नाही, असे म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१पर्यंत राहिली. त्याच पेटीवर आपले नाट्यसंगीत उभे आहे, कव्वाली उभी आहे. आजोबांच्या पिढीचे यंत्र नातवाच्या पिढीची परंपरा होते. मधल्या पिढीचे काम बहुधा नाके मुरडण्याचे असते, आणि मी ते चोख बजावले होते.

याचा अर्थ नवे आले की जुने फेकून द्यावे असा मी काढत नाही. हिलेजनेही तसे केले नाही. गिटार त्याच्या गळ्यातून उतरली नाही. मशीनच्या ठेक्यावर त्याची तीच ओळखीची गिटार तरंगत असते. २००६ साली ॲम्स्टरडॅमला 'गाँग'ची जुनी मंडळी जमली तेव्हा त्याने आपली सत्तरच्या दशकातली गाणीही वाजवली. २००९ साली 'गाँग'चा '२०३२' हा अल्बम आला, त्याचा निर्माता तोच. 'या रायाह'मध्ये ऊदची नजाकत जिथल्या तिथे आहे आणि ती घासून नवी वाटते. दुसऱ्याच्या परंपरेला हात लावताना हात हलका लागतो. तो हलकेपणा त्याच्यात कुठून आला असेल? मला वाटते, स्वतः पुन्हा शिकाऊ झालेल्या माणसालाच तो येतो.

आम्ही बी.एड. करताना 'आजीवन शिक्षण' या विषयावर हमखास प्रश्न यायचा. मी त्यावर पान-दीड पान लिहून चांगले गुण मिळवले आहेत. पण शिक्षकाची नोकरी पंधरा-वीस वर्षे झाली की आजीवन शिक्षण म्हणजे दुसऱ्यांचे, असे मनात पक्के होत जाते. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना मान आहे आणि तो असावाच. मात्र त्या मानाची एक किंमत आपण मोजतो. चारचौघांत "मला हे येत नाही, दाखव" असे म्हणण्याची आपली हिंमत जाते. उर्दूत आपण 'तालीम' म्हणजे शिक्षण म्हणतो, मराठीत तालीम म्हणजे नाटकाची किंवा पहिलवानाची. दोन्हींत पडणे-झडणे आले, चुकणे आले. लोकांसमोर चुकायची तयारी चाळिशीनंतर कमी होते, आणि अडते ते तिथेच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तो मुलगा आता दहावीत आहे. मी त्याला बोलावून म्हटले, "ती कविता ऐकव बरं."

"डिलीट केली, सर."

"पुन्हा बनवशील?"

"दहावी आहे ना, सर." हे वाक्य त्याने आमच्याकडूनच शिकलेले. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. थोडा वेळ थांबून म्हटले, "बरं, मग मला शिकव. ठेका बनवतात कसा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. सर चेष्टा करताहेत की काय, असे त्याला वाटले असावे. मग त्याने मोबाइल काढला. पडद्यावर सोळा चौकोन. जो दाबाल तिथे ठोका पडतो. मी म्हटले, "अरे, आपल्या तीनतालाच्याही मात्रा सोळाच." त्याला तीनताल माहीत नव्हता. तो मी त्याला हातावर टाळी देऊन दाखवला. आता आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत आमची ही दहा मिनिटांची तालीम चालते. मी अजून चुकीचा चौकोन दाबतो आणि तो "इथे नाही सर, इथे" म्हणतो. त्याची कविता मात्र गेली ती गेलीच. तिच्यातले सगळे बरोबर उच्चारलेले 'ळ' मी अर्ध्या मिनिटापुढे ऐकले नाहीत.