वरचा पाऊस, खालचा पूर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. खडेबाजारातील एका छत्र्यांच्या दुकानी आम्ही सर ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. जो तो आभाळाकडे पाहून आपला अंदाज सांगत होता. कृष्णाकाठाहून खरेदीस आलेले एक वृद्ध शेतकरी मात्र आभाळाकडे पाहतच नव्हते. वर्तमानपत्र चाळीत बसलेल्या दुकानदारास ते म्हणाले, “मालक, हितला पाऊस ऱ्हाऊ द्या. म्हाबळेश्वरला किती पडला, तेवढं वाचून सांगा.”

आजूबाजूची मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. त्या एका प्रश्नात नदीकाठच्या माणसाचे सारे शहाणपण साठविलेले होते.

आपल्या भागाची रचनाच पाहा ना! घाटमाथ्यावरील आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेस अथणीकडे तो सहाशेच्या आतबाहेर असतो. पण नद्या वाहतात त्या घाटमाथ्याकडून पूर्वेस. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. म्हणून ज्याच्या शेतात थेंब पडला नाही, त्याच्याही उंबऱ्याशी पाणी येते. २२ जुलै २०२१ रोजी एकट्या महाबळेश्वरास चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अथणीच्या वर्षाचा पाऊस जवळजवळ तेवढाच!

आपल्या डोक्यावरील आभाळ किती फसवे असते, हे मुंबईनेही अनुभविले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच नगरीच्या दक्षिण टोकाला कुलाब्यास केवळ ७३ च्या आसपास. एका टोकाला माणसे बुडत असता दुसऱ्या टोकाच्या लोकांस त्याची कल्पना नव्हती.

आपल्याकडे २०१९ साल कोण विसरेल? त्या उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिने गावेच्या गावे वेढली. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. निपाणीजवळ यमगर्णीस वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले व वाहतूक खुंटली. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्दैवी जीवांना दोष कोण देईल? पण पायवाट बुडाली की नावेवाचून गती उरत नाही, एवढा धडा त्यांनी आपल्याला प्राणांचे मोल देऊन शिकविला.

पूर ओसरताच वादाला भरती आली. वरच्यांनी अलमट्टी धरणाकडे बोट दाखविले, खालच्यांनी वरून सोडलेल्या पाण्याकडे. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र मुख्यत्वे अतिवृष्टी आणि नदीच्या पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे लक्ष वेधले. अलमट्टीमुळे हा पूर आला असे तिला आढळले नाही. नदीच्या अंगणात घर बांधावयाचे आणि ती अंगणात उतरली की शेजाऱ्याशी भांडावयाचे, हा न्याय नव्हे.

भांडणाहून अधिक उपयोगी वस्तू एकच, ती म्हणजे वेळेवर कळलेली वार्ता. घाटमाथ्यावर पडलेले पाणी खालच्या गावी पोहोचण्यास कित्येक तास, प्रसंगी एकदोन दिवस लागतात. तेवढा अवधी निसर्गानेच आपल्याला दिलेला आहे. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांचे मंत्री बंगळुरास एकत्र बसले आणि धरणांतील पाण्याची माहिती परस्परांस देण्याविषयी बोलले. पुढच्याच महिन्यात पूर आला, यमगर्णीचा रस्ता पुन्हा बुडाला. पण २०१९ चा अनुभव घेतलेली पुष्कळ कुटुंबे ह्या खेपेस गुरावासरांसह आधीच निघाली. घरे भिजली, पिके गेली. परंतु माणसे उरली, आणि माणसे उरली की घर पुन्हा उभे राहते.

म्हणून वाचकहो, आपले कोणी आप्त वेदगंगा, दूधगंगा वा कृष्णेच्या काठी राहत असतील, तर पावसाळ्यात केवळ “तुमच्याकडे पाऊस कसा आहे?” एवढे विचारून थांबू नका. वर काय पडले आणि धरणातून किती सुटले, ते पाहून त्यांना कळवा. “आमच्याकडे तर ऊन आहे” असे उत्तर आले, तरी निर्धास्त होऊ नका.

दुकानदाराने आकडा वाचून दाखविला. वृद्धांनी तो दोनदा विचारून घेतला, गाठोडे खांद्यावर टाकले आणि भर पावसात ते बसस्थानकाकडे चालू लागले. आम्ही मात्र सर ओसरण्याची वाट पाहत तेथेच उभे होतो.