काका, नवीनच घ्या ना!

मला ‘काका’ म्हटल्याचा राग नाही. डोक्याची एकंदर परिस्थिती पाहता लोक ‘आजोबा’ म्हणत नाहीत हेच पुष्कळ झालं. राग आहे तो त्यापुढच्या तीन शब्दांचा. ‘नवीनच घ्या ना!’

गाड्यांच्या नटण्यामुरडण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात मी पॉलिशचं पॅड घेऊन गेलो होतो. ‘हे धुवायचं कसं?’ एवढाच माझा प्रश्न. काउंटरवरच्या मुलानं ते दोन बोटांत धरलं आणि हे वाक्य असं म्हटलं, की जणू मी त्याच्यापुढे शिळी पोळी ठेवली होती. अहो, पण आमच्या घरात शिळी पोळीसुद्धा टाकत नाहीत! तिचा सकाळी कुस्करा होतो, आणि ताज्या पोळीपेक्षा त्याच्यावरच जास्त भांडणं होतात.

ज्या सुखी माणसांकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. पॅड म्हणजे स्पंजाची जाड चकती. पाठीला व्हेल्क्रो, तो मशीनला चिकटतो, तोंडाला पॉलिश. मशीन फिरलं की गाडीच्या रंगावरचा बारीकसा थर घासला जातो आणि गाडी चमकते. हा घासलेला रंग आणि वापरलेलं पॉलिश जातं कुठं? स्पंजाच्या भोकांत. तिथं ते वाळतं, कडक होतं. मग पॅड तापतं, पाठीचा व्हेल्क्रो सुटायला लागतो, आणि गाडी चमकण्याऐवजी तिच्यावर गोल गोल ओरखड्यांची रांगोळी निघते.

आता हिशेब. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी. (ज्यांना मोजायला केस उरला नसेल त्यांनी शेजाऱ्याचा मागावा.) दर पॉलिशला त्यातला थोडा जातोच. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत हे व्याज खाणं नव्हे, मुद्दल खाणं आहे. आणि घाणेरड्या पॅडनं पडलेले ओरखडे घालवायला पुन्हा पॉलिश करणं म्हणजे कर्ज फेडायला कर्ज काढणं. काउंटरच्या अलीकडून मी अशी खाती बुडताना पाहिली आहेत.

पण खरं सांगायचं, तर मला ही अक्कल उशिरा आली. आमची गाडी सेकंडहँड आणि काळी. एका रविवारी भर दुपारी उन्हात पाहतो, तर बॉनेटभर कोळ्याचं जाळं! आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा एक मुलगा आहे. मी त्याला बोलावलं, चार माणसांदेखत झापलं आणि महिन्याच्या पैशांतून ५० रुपये कापले. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, बॉनेटला मी हातच लावत नाही. तुम्हीच नको म्हणला होता.’

मी गाडीभोवती एक फेरी मारली. दरवाजे स्वच्छ. टप स्वच्छ. डिकी स्वच्छ. ओरखडे फक्त बॉनेटवर, आणि बॉनेटवर मशीन चालवलं होतं मी. न धुतलेल्या पॅडनं. वीस वर्षं हिशेब जुळवणाऱ्या माणसाला एवढी साधी नोंद दिसू नये!

तर माझं भांडण त्या तीन शब्दांशी आहे ते यासाठी. पॉलिशला आमच्याकडे पैसे आहेत, मशीनला आहेत, सुगंधी बाटलीला आहेत. धुण्याला मात्र बादलीभर पाणीही नाही. अकरा गाड्या पुसायला त्या मुलाला सोसायटी एक बादली आणि एक फडकं देते. सातव्या गाडीपर्यंत त्या पाण्याचं पिठलं होतं. आणि ओरखडा उठला की चोर कोण? बादली देणारा नव्हे, फडकं धरणारा.

पॅड धुण्याचं तयार यंत्र मिळतं. त्याची किंमत ऐकून मी दुकानातली खुर्ची मागितली, आणि घरी येऊन आपलं आपणच करायला घेतलं. रंगाची २० लिटरची रिकामी बादली. तळाशी तांदूळ धुवायची प्लास्टिकची रोळी पालथी. घाण खाली बसते, वर येत नाही. रोळीवर तारेनं बांधलेले कपड्यांचे दोन नायलॉनचे ब्रश. पाणी ब्रशच्या केसांपर्यंत, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. पॅड ब्रशवर हलकं दाबून फिरवायचं, मग पाण्याबाहेर उचलून, पण बादलीच्या आतच, जोरात फिरवायचं, की निथळलं. मग सावलीत वाळत.

‘बादलीच्या आतच’ हे दोन शब्द मी अनुभवानं घातले आहेत. पहिल्या वेळी झाकण नव्हतं. पाणी माझ्यावर उडालं, भिंतीवर उडालं आणि ‘पाणी जपून वापरा’ या सेक्रेटरींच्या सूचनेवर उडालं. आता झाकणाला मधोमध खाच आहे. मशीनची २३० व्होल्टची वायर पाण्याशेजारी लोळताना पाहून हिनं धावत जाऊन आधी बटण बंद केलं आणि मग मला काय ते ऐकवलं. त्या दिवसापासून धुण्यापुरतं पॅड बॅटरीच्या ड्रिलला लावतो. तुम्हीही तसंच करा. या बाबतीत गंमत नको.

पाणी पहिल्यांदा ओतलं तेव्हा ते शाईसारखं होतं. एवढं सगळं मी माझ्या हातानं बॉनेटवर घासत होतो!

त्याच संध्याकाळी त्या मुलाचे ५० रुपये परत दिले. चार माणसांदेखतच द्यायचे होते, पण तेव्हा दोघंच होते. तो नोट खिशात घालून बराच वेळ बादलीत बघत राहिला. म्हणाला, ‘साहेब, ड्रिल नको. पण खालच्या जाळीची एक बादली मला द्या करून. फडकं पिळायला.’

दोन करणार आहे. सोसायटीकडे खर्च मंजुरीला टाकलाय. रोळ्या मात्र बाजारातून आणायच्या, असं घरून लेखी आलं आहे.