बियाण्याचे धान्य आणि वसंतातील बंदुका

एप्रिल महिना लागला की भूमध्य समुद्रातील बेटांवर दोन प्रकारचे प्रवासी उतरू लागतात. पहिले पंखांचे. सहारा वाळवंट आणि समुद्र ओलांडून उत्तरेकडे, आपल्या विणीच्या प्रदेशाकडे निघालेले हे कोट्यवधी पक्षी थकलेल्या अंगाने पहिली हिरवळ दिसेल तेथे टेकतात. दुसरे प्रवासी दुर्बिणींचे. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, स्वीडन या देशांतून येणारे हे पक्षिनिरीक्षक आठ-पंधरा दिवस एखाद्या मिठागराच्या काठी वा टेकडीच्या उतारावर काढतात आणि तृप्त होऊन परततात. परंतु यांतील काही बेटांवर तिसराही एक वर्ग या पक्ष्यांची तितक्याच उत्कंठेने वाट पाहत असतो. त्याच्या हाती दुर्बीण नसून बंदूक असते. या तिघांच्या संबंधांतून जो प्रश्न उभा राहिला आहे, तो वरवर पाहता पक्षिप्रेमाचा वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आहे, आणि त्याहूनही अधिक लोकशाहीचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे माल्टा. अवघे ३१६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि पाच लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेले हे द्वीपराष्ट्र सिसिलीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, युरोप आणि आफ्रिका यांच्या मधोमध वसलेले आहे. मधुबाज, दलदली भोवत्या, होले, लावे, भिंगऱ्या, हुदहुद अशा नाना जातींचे पक्षी वसंतात या खडकाळ बेटांवरून जातात. बुस्केटची वनराई किंवा आदिराचे संरक्षित पाणथळ येथे उभे राहिलेल्या परदेशी पाहुण्याला हा सोहळा दिसतो. त्याच वेळी शिकारीचा हंगाम चालू असेल तर बंदुकीचे बारही त्याच्या कानी पडतात.

भांडवल कोणते, व्याज कोणते?

शिकार शरदात केली काय आणि वसंतात केली काय, पक्षी मरायचा तो मरतोच, मग वसंतातील शिकारीलाच एवढा विरोध का, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरात सापडते. शरदात दक्षिणेकडे जाणाऱ्या थव्यांत त्या वर्षी जन्मलेल्या पिलांचा मोठा भरणा असतो, आणि त्यांतील बरीचशी हिवाळ्यात उपासमारीने, थंडीवाऱ्याने वा शिकारी पक्ष्यांच्या तावडीत सापडून तशीही मरणार असतात. वसंतात परतणारा पक्षी मात्र या सर्व दिव्यांतून पार पडलेला असतो. आणखी काही दिवसांत तो घरटे बांधणार असतो. शरदातील पक्षी म्हणजे व्याज, तर वसंतातील पक्षी म्हणजे मुद्दल. पीक विकणे वेगळे आणि पेरणीसाठी कणगीत राखून ठेवलेले बियाणे दळून खाणे वेगळे. होल्याची मादी एका वेळी दोनच अंडी घालते, हे लक्षात घेतले म्हणजे या मुद्दलाची किंमत ध्यानी येते.

युरोपने ही गोष्ट कायद्यात उतरवून बरीच वर्षे झाली. २ एप्रिल १९७९ रोजी संमत झालेल्या पक्षी-निर्देशानुसार विणीच्या प्रदेशाकडे परतणाऱ्या पक्ष्यांची शिकार करण्यास मनाई आहे. दुसरा समाधानकारक मार्ग नसेल तेथे कडक अटींवर अपवाद करता येतो. १ मे २००४ रोजी युरोपीय संघात प्रवेश केलेल्या माल्टाने या अपवादाच्या फटीतूनच वसंतातील शिकार चालू ठेवली. होला व लावा या दोन जातींसाठी शरदात आमच्याकडे पुरेसे पक्षी येत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २००९ च्या निकालात या युक्तिवादातील तथ्य पूर्णतः नाकारले नाही. परंतु २००४ ते २००७ या काळात दिलेली मुभा प्रमाणाबाहेर होती, असे ठरवून त्याने माल्टाला दोषी धरले. शरदाच्या तुलनेत वसंतात मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या लाव्यांच्या बाबतीत सुमारे तिप्पट, तर होल्यांच्या बाबतीत आठपट होती. त्यानंतर हंगाम आखडला, कोटा ठरवला गेला, परंतु तत्त्व कायम राहिले.

दरम्यान होल्यांची स्थिती खालावत गेली. १९८० पासून युरोपातील त्यांची संख्या तीन-चतुर्थांशाहून अधिक घटली आणि २०१५ मध्ये ही जात संकटाभिमुख जातींच्या जागतिक यादीत दाखल झाली. माल्टाने २०१७ मध्ये वसंतातील होल्यांची शिकार थांबवली, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा खुली केली. याउलट फ्रान्स, स्पेन व पोर्तुगाल या देशांनी २०२१ पासून काही वर्षे होल्याची शिकार बंद ठेवली, तेव्हा पश्चिम युरोपातील त्यांची संख्या पुन्हा वाढू लागल्याचे दिसून आले. मुद्दल सुरक्षित ठेवले की व्याज परत मिळू लागते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

थोड्यांचा लाभ, सर्वांचा तोटा

असे असूनही धोरण का बदलत नाही? याचे उत्तर मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच देऊन ठेवले आहे. एखाद्या धोरणाचा लाभ थोड्या लोकांना भरपूर आणि तोटा पुष्कळांना थोडा थोडा होत असेल, तर ते थोडे लोक संघटित होतात आणि पुष्कळ लोक घरी बसतात. आपल्याकडील साखर, कापूस वा अनुदाने यांच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको. माल्टात परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. ही संख्या लहान वाटेल, परंतु २००८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विजयी व पराभूत पक्षांत केवळ १५८० मतांचे अंतर होते, हे ध्यानात घ्यावे. ज्या देशात दीड हजार मतांनी सरकारे ठरतात, तेथे एकाच प्रश्नावर मत देणारे दहा हजार मतदार आणि त्यांची कुटुंबे म्हणजे केवढी सत्ता!

या सत्तेला आव्हान देण्याचा मोठा प्रयत्न ११ एप्रिल २०१५ रोजी झाला. वसंतातील शिकारीची तरतूद रद्द व्हावी म्हणून चाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून सार्वमत घडवून आणले. पंतप्रधान जोसेफ मस्कत आणि विरोधी पक्षनेते सायमन बुसुटिल या दोघांनीही आपले मत शिकार चालू ठेवण्याच्या बाजूने असल्याचे जाहीर केले. सुमारे पाऊण मतदारांनी मतदान केले. शिकारीच्या बाजूने ५०.४४ टक्के, तर विरोधात ४९.५६ टक्के मते पडली. अवघ्या सव्वादोन हजार मतांनी बंदुका वाचल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोळी लागलेला एक खरूची ससाणा एका शाळेच्या आवारात पडला आणि पंतप्रधानांना तो हंगाम मुदतीपूर्वीच बंद करावा लागला. जे मतपेटीला जमले नाही ते एका जखमी पाखराने चार दिवसांपुरते केले, यात समाधान मानावे की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिकाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. हे लोक बहुतांशी धनिक नव्हेत. बाप-आज्यांपासून चालत आलेला छंद, शेताच्या कडेचा दगडी आडोसा, पहाटेची चाहूल, हे त्यांच्या जीवनाचे अंग आहे. परदेशांतून आलेले स्वयंसेवक त्यांच्या रानात कॅमेरे घेऊन पाळत ठेवतात तेव्हा त्यांना अपमान वाटतो. १९६४ पर्यंत ब्रिटिश सत्तेखाली राहिलेल्या समाजाला ही सल अधिक बोचावी, हे आपण समजू शकतो. परंतु परंपरेचा मान राखणे म्हणजे परंपरेला सातबारा लिहून देणे नव्हे. माल्टाच्या माळरानात दगडांवर व भिंतींवर ‘आर.टी.ओ.’ ही अक्षरे रंगवलेली आढळतात. आपल्याकडे या अक्षरांचा अर्थ निराळा. तेथे त्यांचा अर्थ ‘मालकासाठी राखीव’ असा होतो. यांतील कित्येक ठिकाणी मालकीचा प्रश्न वादग्रस्त असतो. दाटीवाटीने राहणाऱ्या त्या देशात वसंतातील एखादी सकाळ मोकळ्या माळावर घालवण्याचा सामान्य कुटुंबाचा हक्कही अशा रीतीने आक्रसतो. पक्षी जातात ते वेगळेच.

पर्यटनाचे औषध

यावर सोपा उपाय सुचवला जातो तो पर्यटनाचा. मेलेल्या पक्ष्यापेक्षा जिवंत पक्षी अधिक पैसा मिळवून देतो, तेव्हा शिकाऱ्याला वाटाड्या करा, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले लेस्बॉस हे ग्रीक बेट याचा दाखला आहे. कालोनीची मिठागरे आणि आसपासचे ओढे यांच्या काठी एप्रिल-मे महिन्यांत शेकडो पक्षिनिरीक्षक जमतात. उन्हाळी गर्दी सुरू होण्यापूर्वीच्या त्या मंद काळात खाणावळी, भाड्याच्या मोटारी आणि छोटी विश्रामगृहे यांना त्यांचा आधार होतो.

परंतु या औषधाच्या मर्यादाही त्याच बेटाने दाखवून दिल्या आहेत. २०१५ मध्ये सीरिया, अफगाणिस्तान आदी देशांतील पाच लाखांहून अधिक निर्वासित तीच चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून लेस्बॉसला आले, आणि पुढच्या वर्षी पर्यटकांनी पाठ फिरवली. २०२० च्या वसंतात कोविडच्या साथीने विमानेच थांबली. पक्षी मात्र दोन्ही वेळी ठरल्याप्रमाणे आले. त्यांचे संरक्षण पाहुण्यांच्या खिशावर अवलंबून ठेवले असते तर काय झाले असते? माल्टाची अडचण तर उलट प्रकारची आहे. तेथे २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक पर्यटक आले. त्यांतील बहुसंख्य ऊन, समुद्र आणि प्राचीन वास्तू यांसाठी आले. पक्षी वाचवले नाहीत तर पर्यटन बुडेल, ही भीती तेथील सरकारला घालता येत नाही, कारण ते बुडत नाही. शिवाय विश्रामगृहाच्या मालकाला मिळणारा पैसा शिकाऱ्याच्या घरात पोचत नाही. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्याची भरपाई आपोआप करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथे विसरून चालणार नाही.

मग बंधन कोठून यावे? या संदर्भात आपल्या देशातील एक उदाहरण बोलके आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाच्या परिसरात २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड कत्तल होत असल्याचे उघडकीस आले. सैबेरिया व उत्तर चीनमधून आफ्रिकेकडे जाणारे हे पक्षी पुढे महाराष्ट्रावरून अरबी समुद्रात झेपावतात, म्हणजे तो प्रश्न आपल्याही आकाशाचा होता. पांगती व शेजारच्या गावांच्या परिषदांनी स्वतः बंदी घातली, शासन व स्वयंसेवी संस्था पाठीशी उभ्या राहिल्या आणि २०१३ च्या हंगामात ती कत्तल थांबली. सामायिक संपत्तीचा उपभोग घेणारे लोकच तिचे नियम करू शकतात व पाळू शकतात, हा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पांगतीने तो पुस्तकाबाहेर सिद्ध केला. अर्थात तेथील गावकऱ्यांच्या उत्पन्नाची कायमची सोय लावण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

माल्टाला ही वाट मोकळी आहे. परंतु स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत एका गावाचा वा एका राष्ट्राचा निर्णय पुरेसा नसतो, ही या प्रश्नातील खरी मेख आहे. पोलंडच्या शेतकऱ्याने कुंपणे राखावीत, साहेलमधील गुराख्याने बाभळी जगवाव्यात, आणि मधल्या बेटावरील बंदुकीने त्या साऱ्यांच्या कष्टांचे फळ तोडून घ्यावे, हा न्याय नव्हे. ५०.४४ टक्के माल्टावासीयांचे मत माल्टाच्या कारभाराविषयी निर्णायक आहे, परंतु जी संपत्ती त्यांच्या मालकीची नाही तिच्याविषयी ते निर्णायक कसे ठरेल? त्या मतपेटीत पोलंडचे मत नव्हते, सेनेगलचे नव्हते. म्हणूनच १९७९ चा तो निर्देश आणि त्यामागील न्यायालय यांचे महत्त्व आहे. तेही सोपे नाही. गाणारे छोटे पक्षी जाळ्यांत पकडण्याच्या प्रथेवर २०१८ मध्ये निकाल लागला, तेव्हा ती प्रथा ‘संशोधन’ या नावाने परत आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले. कायदा पाळण्याची इच्छा नसली की पळवाट शोधण्याची बुद्धी कमी पडत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आकाशाला सीमा नसतात, हे वाक्य भाषणांत शोभते. व्यवहारात मात्र जे सर्वांचे असते त्याची राखण कोणीच करीत नाही आणि हात मात्र प्रत्येक जण मारतो. नद्या, भूजल, समुद्रातील मासळी, हवा या सर्वांच्या बाबतीत आपण हेच करीत आलो आहोत. वसंतातील होल्याचा प्रश्न त्याच मालिकेतील आहे. तो बंदूकवाल्यांना शिव्या देऊन सुटणार नाही आणि पर्यटकांच्या पैशांवर सोपवूनही सुटणार नाही. पेरणीपुरते बियाणे बाजूला काढून ठेवण्याची शिस्त शेतकऱ्याच्या घराने हजारो वर्षे पाळली. राष्ट्रांनी ती शिकावयाची की नाही, एवढाच प्रश्न आहे.