मंडल आडनावाला दोन न्याय

'मंडल' हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात आरक्षण हा एकच विषय उभा राहतो. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी आयोगाच्या शिफारशी स्वीकारल्याची घोषणा केली, आणि बिहारमधील बिंदेश्वरीप्रसाद मंडल यांचे आडनाव साऱ्या देशात राखीव जागांचे पर्यायी नाव होऊन बसले. त्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, मंडल आडनावाची कितीतरी कुटुंबे गेली सहा दशके शेती करून राहत आहेत. त्यांतील बहुसंख्य नमःशूद्र आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, आसाम आणि त्रिपुरातही आहे. गडचिरोलीत मात्र ती कोणीच नाही. ज्या आडनावाने देशाला आरक्षणाचा अर्थ शिकवला, ते आडनाव लावणारा मुलगा अनुसूचित जातीचा दाखला मागायला तहसील कचेरीत गेला, तर रिकाम्या हाताने परततो.

हा मुलगा कचेरीतून परततो तेव्हा त्याच्या मागे आणखी एक शब्द चिकटून येतो, 'बांगलादेशी'. मंडल, विश्वास, सरकार, हालदार, मजुमदार अशी आडनावे वाचली की चंद्रपूर-नागपूरकडील सुशिक्षित माणूसही सहज विचारतो, हे बांगलादेशातून आलेले ना? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेल, पण अज्ञान निश्चित असते.

मुळात या आडनावांत परके असे काय आहे? मजुमदार म्हणजे आपलाच मुजुमदार. जमाखर्चाचे दफ्तर सांभाळणारा हा अधिकारी नबाबी बंगालमध्ये होता तसा शिवछत्रपतींच्या कारभारातही होता, आणि त्याचे नाव लावणारी घराणी पुण्यात आजही आहेत. सरकार, तालुकदार, शिकदार ही महसुली अधिकाराची नावे. विश्वास म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवून हिशेब सोपवावा तो. मंडल हा संस्कृत शब्द, आणि बंगालच्या खेड्यात मंडल म्हणजे गावचा पुढारी, साधारण आपल्या पाटलासारखा. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुळकर्णी ही वतने जशी आडनावे झाली, तसेच तिकडे घडले. पाटील आडनावावरून जसे जात सांगता येत नाही, तसे मंडल आडनावावरूनही सांगता येत नाही. बिंदेश्वरीप्रसाद मंडल हे मधेपुऱ्याजवळच्या मुरहो गावचे यादव जमीनदार. बंगालमध्ये तेच आडनाव नमःशूद्र लावतात, पौंड्र क्षत्रिय लावतात, माहिष्य लावतात, आणि मुसलमानही लावतात.

आडनावावरून माणसाचा देश ठरवण्याची सवय किती फसवी आहे, हे कोकणपट्टीच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. फर्नांडिस याचा मूळ अर्थ फर्नांडोचा पुत्र. परेरा हे नाव पेरच्या झाडावरून पडलेले. दोन्ही नावे पोर्तुगालची. पण १५१० नंतर गोव्यात आणि पुढे वसईत ती बाप्तिस्म्याच्या वेळी, बहुधा पाद्र्याच्या किंवा धर्मपित्याच्या नावावरून, इथल्याच मातीतल्या कुटुंबांना चिकटवली गेली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावे राहिली. म्हणून वसईच्या केळीच्या बागेत मराठी बोलणारा परेरा कोणी पोर्तुगीज ठरत नाही. तिथे परकीय आडनावाच्या आत देशी माणूस आहे. गडचिरोलीत तर आडनावही देशी आणि माणूसही देशी. तरीही परकेपणाचा शिक्का त्याच्याच कपाळी.

हे आडनाव बंगालच्या खाडीकाठावरून विदर्भाच्या सागवनात आले कसे, हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी धड सांगितला नाही. जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूर हा नद्या-खाड्यांचा प्रदेश म्हणजे नमःशूद्रांची भूमी. इंग्रजी दप्तरात त्यांची नोंद 'चांडाल' अशी होत असे. ते नाव पुसून १९११ च्या जनगणनेत 'नमःशूद्र' लिहवून घेण्यासाठी या समाजाला दीर्घ लढा द्यावा लागला. हरिचाँद ठाकूर यांनी मतुआ पंथ उभा केला, त्यांचे पुत्र गुरुचाँद ठाकूर यांनी गावोगाव शाळा काढल्या. ज्या हिंदू समाजाने त्यांना शतकानुशतके दूर लोटले, त्या समाजाचा धर्म त्यांनी सोडला नाही, ही गोष्ट शहरी हिंदूंनी मान खाली घालून ऐकावी अशीच आहे.

फाळणीच्या वेळी या समाजाचे नेते योगेंद्रनाथ मंडल यांनी पाकिस्तानवर भरवसा ठेवला. ते त्या देशाचे पहिले कायदामंत्री झाले. दलित आणि मुसलमान यांचे हितसंबंध एकच आहेत, हे त्यांचे राजकीय गणित होते. १९५० च्या फेब्रुवारीत बारिसाल पेटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मंडल मंत्रिपदाचा राजीनामा देऊन कोलकात्याला निघून आले. पूर्व बंगालमधील हिंदूंवर काय गुदरते आहे, याचे सविस्तर वर्णन त्यांनी राजीनाम्याच्या पत्रात लिहिले आहे. आजही दलित-मुस्लीम ऐक्याची स्वप्ने विकणारी विद्वान मंडळी त्या पत्राचे नाव काढत नाहीत. नेता विमानाने आला, अनुयायी पायी आले. १९५० नंतर आले, १९६४ च्या जानेवारीत खुलना आणि ढाक्याकडे दंगली उसळल्यावर तर फार मोठ्या संख्येने आले.

आल्यावर काय झाले? जे आधी आले, शिकलेले होते, ज्यांचे नातेवाईक कोलकात्यात होते, त्यांनी शहराच्या कडेला वसाहती बसवल्या. मागाहून आलेल्या शेतकरी नमःशूद्रांसाठी बंगालमध्ये जागा नाही, असे सांगण्यात आले. केंद्राने १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले. रायपूरजवळच्या माना येथील छावणीतून निर्वासितांना मलकानगिरीला, बस्तरमधील परलकोटला पाठवले गेले. काहींची रवानगी अंदमानात झाली, काहींची तराईत रुद्रपूरकडे, काहींची कर्नाटकातील सिंधनूरला. तेव्हाच्या अखंड चांदा जिल्ह्यातील जंगल साफ करूनही वसाहती उभ्या राहिल्या. खुलना-बारिसालच्या चिखलात भात लावणारे एक आडनाव वीस-पंचवीस वर्षांच्या आत भारताच्या नकाशावर असे विखुरले गेले. हे स्थलांतर कोणी पोटासाठी स्वखुशीने केलेले नाही. सरकारी गाडीत बसवून, सरकारी यादीत नाव लिहून, सरकारनेच ठरवलेल्या गावी नेऊन उतरवलेली ही माणसे आहेत.

दंडकारण्यातील उजाड जमिनीला कंटाळून १९७८ मध्ये हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेले, तेव्हा गरिबांचे राज्य म्हणवणाऱ्या ज्योती बसूंच्या सरकारने १९७९ मध्ये त्या बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले आणि अखेर बळाने त्यांना हुसकून लावले. पुरोगाम्यांच्या निषेधपत्रिकांत मरिचझापी सापडत नाही. मरणाऱ्यांचे आडनाव सोयीचे नव्हते, हेच त्याचे कारण असावे.

चांद्याच्या जंगलात आलेल्यांनी आपल्या वसाहतींना काय नावे दिली, तीही वाचण्यासारखी आहेत. मुलचेरा तालुक्यात विवेकानंदपूर आहे, देशबंधुग्राम आहे, खुदीरामपल्ली आहे. चामोर्शी तालुक्यात सुभाषग्राम आहे. ज्यांच्या जुन्या गावावर पाकिस्तानचा झेंडा लागला, त्यांनी नव्या गावाला फासावर गेलेल्या खुदीराम बोसांचे नाव दिले. अशा गावच्या पत्त्यावर राहणाऱ्याला 'बांगलादेशी' म्हणताना जीभ अडखळायला हवी. शिवाय यांचे आजे-पणजे आले तेव्हा बांगलादेश नावाचा देश अस्तित्वातही नव्हता!

आता मूळ अन्यायाकडे वळू. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ नोंदी आहेत, त्यांत नमःशूद्र नाही. राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमानुसार ही यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते आणि तीत बदल फक्त संसद करू शकते. यादीतील एखाद्या नावाचा अर्थ ताणून दुसऱ्या जातीला आत घेणे न्यायालयालाही शक्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्रातीलच हलबा-कोष्टी प्रकरणात बजावले आहे. म्हणजे कोर्टाची वाट बंद. राज्य बदलणाऱ्याला नव्या राज्यात मूळ राज्याचा दर्जा मिळत नाही, हेही १९९० पासूनच्या निकालांनी पक्के केले आहे. त्यामागील तर्क असा, की मागासलेपण त्या-त्या प्रदेशातील सामाजिक स्थितीशी जोडलेले असते आणि नोकरीसाठी राज्य सोडणाऱ्याने नव्या ठिकाणच्या वाट्यावर हक्क सांगू नये.

तर्क चुकीचा नाही. तो इथे लागू मात्र होत नाही. नादिया जिल्ह्यातून मुंबईला नोकरीसाठी येणारा मंडल आपल्या मूळ राज्याचा दाखला बाळगून असतो, केंद्राच्या सवलती त्याला त्यावर मिळतात आणि परत गेला तर राज्याच्याही मिळतात. विवेकानंदपूरच्या मंडलाचे मूळ राज्य कोणते? त्याचे मूळ गाव आज परदेशात आहे. त्याने स्वतः राज्य निवडले नाही, सरकारने निवडले. दोन सख्खे भाऊ एकाच छावणीत असतील, एकाची रवानगी बंगालमध्ये झाली आणि दुसऱ्याची चांद्याला, तर पहिल्याची नातवंडे अनुसूचित जातीची आणि दुसऱ्याची नाहीत. कारकुनाने कोणत्या यादीत नाव चढवले, यावर जात ठरली.

यादीच्या पलीकडे दुसरी भिंत आहे ती तारखेची. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० किंवा त्यापूर्वीचे राज्यातील वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्याच दिवशी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्या दिवशी या कुटुंबांचे पूर्वज खुलना-बारिसालमध्ये जीव मुठीत धरून बसले होते. १९६४ च्या निर्वासिताने १९५० चा महाराष्ट्रातील पुरावा आणावा कोठून? वनहक्क कायद्याचीही तीच गत. आदिवासी नसलेल्या वनवासी कुटुंबाला तेथे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या तारखांना ही माणसे भारतीय भूमीवर नव्हती, नेमक्या त्याच तारखा त्यांना विचारल्या जातात.

महाराष्ट्राने या समाजाबाबत हात झटकावेत, हे आणखी एका कारणाने शोभत नाही. १९४६ मध्ये घटना समितीवर जाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून मार्ग मिळाला नाही. काँग्रेसने सारी दारे बंद केली होती. तेव्हा योगेंद्रनाथ मंडल आणि बंगाल विधानसभेतील अनुसूचित जातींच्या आमदारांनी त्यांना बंगालमधून निवडून दिले. पुढे फाळणी झाली, जेसोर-खुलना पाकिस्तानात गेले, आणि १९४७ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांना मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले. ज्यांनी घटनेच्या शिल्पकाराला घटना समितीत बसवले, त्यांच्याच नातवंडांना त्या घटनेच्या यादीबाहेर ठेवले जाते, आणि तेही महाराष्ट्रात! बाबासाहेबांच्या नावाने पक्ष चालवणाऱ्या नेत्यांनी तरी हा प्रश्न आपला मानायला नको काय?

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. अनुसूचित जातींसाठी राज्यात १३ टक्के जागा आहेत, नवा वाटेकरी आला की जुन्याचा वाटा घटणार. गोंड-माडिया बांधवांची तक्रार तर त्याहून जुनी. ज्या जंगलावरील त्यांचा हक्क २००६ चा कायदा येईपर्यंत सरकारने मानला नाही, तेच जंगल तोडून सरकारने दुसऱ्यांना जमीन दिली, हे त्यांना बोचले तर नवल नाही. पण जमीन देणारे सरकार होते, निर्वासित नव्हे. आणि अनुसूचित जातीच्या यादीत नमःशूद्र आल्याने अनुसूचित जमातीच्या वाट्यातील एक जागाही कमी होत नाही, कारण ते दोन वाटे वेगळे आहेत. हे आदिवासी तरुणाला समजावून सांगणे दूरच, बंगाली आणि आदिवासी यांना एकमेकांसमोर उभे करण्यातच अनेकांचे राजकारण चालते. नक्षलवादाने पोळलेल्या या भागात ते राजकारण कोणाच्या पथ्यावर पडले, हे गडचिरोलीकरांना विचारावे.

२०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, ११ मार्च २०२४ रोजी तिचे नियम निघाले, तेव्हा या वसाहतींचा प्रश्न सुटला अशी समजूत अनेकांनी करून घेतली. दुरुस्ती आवश्यकच होती. परंतु १९६४ च्या आसपास सरकारनेच आणून वसवलेली, पिढ्यान् पिढ्या मतदान करणारी ही कुटुंबे नागरिकत्वासाठी अडलेली नाहीत. त्यांचे अडते ते महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर आणि नोकरभरतीच्या जाहिरातीपाशी. निर्वासित हिंदूंसाठी कंठशोष करणाऱ्यांनी त्यांना जात विचारणारा रकानाही वाचावा. हिंदुत्वाच्या कार्यकर्त्यालाही यातून सूट नाही.

मार्ग ठरलेला आहे. राज्य शासनाने अभ्यासासह प्रस्ताव पाठवायचा, भारताच्या महानिबंधकांनी आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने तो तपासायचा, आणि मग संसदेत विधेयक यायचे. पुनर्वसन खात्यामार्फत वसवलेल्या कुटुंबांपुरती १० ऑगस्ट १९५० ची अट शिथिल करणे हे काम वेगळे, आणि ते मुंबईत मंत्रालयात होण्यासारखे आहे. कोणती कुटुंबे कधी, कोठून आली, याच्या पुनर्वसनाच्या याद्या सरकारनेच केलेल्या आहेत. मुलचेऱ्याच्या मंडलाकडे पुरावा मागण्यापूर्वी तहसीलदाराने त्या काढून पाहाव्यात.